जंबोचं वय कशात मोजायचं?

प्रश्न : २२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचं ‘आग्रा’ नावाचं जंबो मुंबईहून शेवटचं उडालं. त्याने पंख हलवून निरोप घेतला तो व्हिडिओ पाहताना माझ्या वडिलांचे डोळे भरून आले. ते पहिल्यांदा परदेशी गेले ते जंबोनेच. जे विमान अमेरिकेपर्यंत उडत जाऊ शकतं, ते भंगारात का काढायचं?
– एक वाचक, वसई

उत्तर : ताई, वडिलांना सांगा, तो व्हिडिओ मीही तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा गळा दाटून आला. विमान दुरुस्तीत मी चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्म्याहून जास्त जंबोच्या पोटाखाली. म्हणून आधी तुमचा एक शब्द बदलतो. ‘आग्रा’ भंगारात गेलं नाही. ते सुट्या भागांसाठी विकलं गेलं, आणि या दोन गोष्टींत फार फरक आहे.

विकायचं का, याचं पहिलं उत्तर पंखाखाली दिसतं. चार इंजिनं. हे जंबो, म्हणजे बोइंग ७४७-४००, ताशी दहा टनांच्या आसपास इंधन पितं, आणि चार इंजिनं म्हणजे देखभालही चार इंजिनांची. एके काळी चार इंजिनांना पर्याय नव्हता. दोन इंजिनांच्या विमानाने जवळच्या विमानतळापासून साठ मिनिटांपेक्षा लांब जायचं नाही, असा नियम होता, त्यामुळे मोठे समुद्र जंबोसारख्यांच्याच वाट्याला यायचे. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांवर गेली, तीन वर्षांनी १८० वर. इंजिनं इतकी भरवशाची झाली की समुद्र ओलांडायला दोन पुरली. मग एअर इंडियाकडे बोइंगची दोन इंजिनांची ७७७-३०० ईआर आली. तिच्यात ३४२ आसनं, जंबोत ४२३. जंबोची ती जास्तीची एक्क्याऐंशी आसनं रोज भरली तरच हिशेब जमणार, आणि ती रोज भरत नाहीत.

दुसरं उत्तर हँगरमध्ये आहे. ठरावीक वर्षांनी विमानाची सर्वांत मोठी तपासणी येते, तिला आम्ही ‘डी चेक’ म्हणतो. आसनं, गालिचे, भिंतींची पॅनेलं, स्वयंपाकाची गॅली, शौचालयं, सगळं बाहेर काढून विमानाचा नुसता सांगाडा करायचा. मी पहिल्यांदा गॅलीखालची जमीन उघडलेली पाहिली तेव्हा तरुण होतो. हातात टॉर्च आणि दांडीला लावलेला छोटा आरसा. तुळईच्या कडेला रंग भाकरीसारखा फुगला होता. नखाने टोकरला तर खाली पांढरी भुकटी. अ‍ॅल्युमिनियमला गंज चढला की तो असा दिसतो. वर्षानुवर्षं सांडलेला चहा, संत्र्याचा रस, बर्फाचं पाणी झिरपून तिथे जातं. शौचालयाखाली तर विचारूच नका. आमच्या वरिष्ठांनी ती भुकटी बोटावर घेऊन मला दाखवली आणि म्हणाले, ‘विमानाला हवेत जेवढं होत नाही, तेवढं इथं होतं.’ हे सगळं घासायचं, मोजायचं, गरज पडली तर तुळई बदलायची. खर्च कोटींच्या घरात जातो. जुन्या विमानाची डी चेक जवळ आली की कंपनी कागद-पेन्सिल घेऊन बसते. बहुतेक विमानं विकली जातात ती याच वळणावर.

आता सुट्या भागांबद्दल. मोठ्या विमानात सर्वांत मौल्यवान असतात ती इंजिनं. त्यानंतर लँडिंग गिअर, शेपटीतलं छोटं सहायक इंजिन, कॉकपिटमधली उपकरणं. पण भागाइतकीच किंमत त्याच्या कागदांना असते, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. इंजिनातल्या फिरणाऱ्या चकतीला ठरावीक उड्डाणांचं आयुष्य दिलेलं असतं. ती कारखान्यातून निघाल्यापासून कोणत्या इंजिनात बसली, किती उड्डाणं झाली, कोणी तपासली, हा जन्मापासूनचा हिशेब सलग असावा लागतो. मधलं एक पान हरवलं तर लखलखीत चकतीही नुसता धातू. म्हणून जुनं विमान चांगल्या किमतीला जातं तेव्हा मला त्या लोकांची आठवण येते, ज्यांनी रात्रपाळीत पहाटे चार वाजता, डोळे मिटत असताना, लॉगबुकात नीट अक्षरात नोंद करून सही केली.

आणि त्या शेवटच्या उड्डाणामागचं कामही वडिलांना सांगा. एअर इंडियाच्या जंबोंनी प्रवासी नेणं मार्च २०२१ मध्येच थांबवलं होतं. अमेरिकेसारखं कोरडं वाळवंट असेल तर उभं विमान टिकतं. मुंबईत खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. इंजिनांची तोंडं बांधून ठेवावी लागतात, नाहीतर साळुंक्या घरटी करतात. टायर एकाच जागी चपटे होऊ नयेत म्हणून फिरवावे लागतात, टाकीतल्या इंधनात बुरशी वाढू नये म्हणून औषध घालावं लागतं. एवढ्या काळानंतर असं विमान महासागर ओलांडायला तयार करणं म्हणजे काही साधं काम नाही. ज्यांनी ते केलं त्यांना माझा नमस्कार.

प्रश्न : माझी मुलगी दरवर्षी शिकागोहून येते. तिच्या तिकिटावरचं विमान सोळा वर्षांचं आहे असं जावयांनी शोधून काढलं. काळजी करावी का?
– एक आई, पुणे

उत्तर : केवळ वयासाठी करू नका. विमानाचं वय वर्षांत कमी आणि उड्डाणांत जास्त मोजायचं असतं. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरतो आणि उतरताना निघून जातो. फुगा फुगवून सोडावा तसा. पत्रा थकतो तो यामुळे. १९८८ मध्ये हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत आकाशात उडून गेलं आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला. ते विमान एकोणीस वर्षांचं होतं, पण बेटांमधल्या छोट्या फेऱ्या करून त्याची ८९,६८० उड्डाणं झाली होती. शिकागोला जाणारं विमान एकदा उडालं की चौदा-पंधरा तास उतरत नाही. सोळा वर्षांत त्याची उड्डाणं त्या मानाने फार कमी होतात.

वयापेक्षा मला भीती वाटते ती वाईट दुरुस्तीची. चायना एअरलाइन्सच्या जंबोची शेपूट १९८० मध्ये हाँगकाँगला उतरताना धावपट्टीला घासली. वर पत्रा ठोकला गेला, पण खराब भाग नीट काढलाच नाही. त्या पत्र्याखाली भेग बावीस वर्षं वाढत राहिली आणि २५ मे २००२ रोजी विमान तैवानच्या सामुद्रधुनीवर हवेतच फुटलं. २२५ माणसं गेली. आमच्याकडे नव्या मुलांना मी हीच गोष्ट पहिल्या दिवशी सांगायचो.

उलट उदाहरणही बघा. सिंगापूर एअरलाइन्सचं पहिलं एअरबस ए३८० सेवेत आलं २००७ मध्ये. दहा वर्षांत निवृत्त झालं आणि पुढे फ्रान्समध्ये तार्ब इथे सुटं केलं गेलं. विमान ठणठणीत होतं, फक्त एवढं मोठं जुनं विमान घ्यायला कोणी पुढे आलं नाही. तेव्हा विमान मोडीत निघालं म्हणजे ते धोकादायक होतं, असं समजू नका.

प्रश्न : नवी विमानं इतकी स्वस्तात उडतात, तर सगळ्या कंपन्या जुनी का बदलत नाहीत?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : मिळत नाहीत म्हणून. बोइंगचं ७७७एक्स २०२० मध्ये यायचं होतं, ते अनेक वर्षं रखडलं. त्यामुळे एमिरेट्ससारख्या कंपन्या जुनी ७७७ आणि ए३८० आतून नवी करून चालवतात, लुफ्तान्झाने उभी करून ठेवलेली ए३८० परत बाहेर काढली. एअर इंडियाची पहिली ए३५० विमानं लवकर आली, कारण ती मुळात रशियाच्या एरोफ्लोत कंपनीसाठी बनवलेली होती आणि निर्बंधांमुळे तिला देता आली नाहीत.

प्रश्न : शेवटच्या चार जंबोंपैकी एकाचं नाव गोव्यावरून होतं, हे खरं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : खरं. ‘आग्रा’, ‘खजुराहो’, ‘अजंठा’ आणि तुमचं ‘वेल्हा गोवा’. खिडक्यांभोवती लाल झरोक्याच्या कमानी रंगवायची पद्धत १९७१ च्या पहिल्या जंबोपासूनची, त्याचं नाव ‘एम्परर अशोक’. खिडकीजवळ नवा पत्रा बसवला की आमचे पेंटर शिडीवर चढून स्टेन्सिल लावायचे, कमानीची वळणं शेजारच्या खिडकीशी जुळवायचे, मग खाली उतरून वीस पावलं मागे जाऊन बघायचे. जरा वाकडी दिसली तर पुसून पुन्हा काढायचे. चाळीस हजार फुटांवर ती कमान कोणाला दिसणार, असं त्यांना कधी कोणी विचारलं नाही.