जग्वार एक्सजे-एस: आधी थंडावा, मग चकाकी
आपल्या जुन्या एक्सजे-एस गाडीचे ५.३ लिटरचे व्ही-१२ (दोन रांगांत बारा सिलिंडर असलेले) इंजिन मुळात दणकट आहे. त्याचा घात करते ती उष्णता. त्यामुळे रंगकामाचा आणि क्रोमचा मोह आवरून प्रथम रेडिएटर आतून साफ करून घ्या, दोन्ही थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणाऱ्या झडपा) बदला आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) भरताना अडकलेली हवा पूर्णपणे बाहेर काढा, कारण इंजिन एकदा जास्त तापले की अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधील व्हॉल्व्ह सीट (झडपा टेकतात त्या कड्या) निखळू शकतात.

सिलिंडरांच्या दोन रांगांमधील खोलगट भागातले पेट्रोलचे रबरी पाइप कडक झाले असतील, तर ते बदलेपर्यंत गाडी सुरूच करू नका. तिथे आगीचा धोका असतो.

नवखे मालक मागच्या ब्रेकचे काम टाळतात. जुन्या गाड्यांत हे ब्रेक चाकांपाशी नसून डिफरन्शियलला (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचाला) लागून असल्याने हात पोहोचणे खरोखरच जिकिरीचे असते. ते काम जाणत्या मेकॅनिककडे सोपवा. इंजिनाची ताकद वाढवण्याचा विषय तूर्त नको.