तिघंही पाठमोरे

"मॅडम, बारावीनंतर मला आर्ट कॉलेजला जायचंय, पण माझी स्वतःची स्टाइलच नाही. एक दिवस ॲनिमे, दुसऱ्या दिवशी व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांसारखं, मग वॉटरकलर. इन्स्टावर माझ्याच वयाच्या मुलींची चित्रं नाव न वाचता ओळखता येतात. आता कागद पुढे घेतला की टेन्शन येतं. स्टाइल सापडेपर्यंत वर्षभर गॅप घेऊ का?"
– बारावीतली विद्यार्थिनी, म्हापसा

गॅप घेऊ नकोस. हे आधीच सांगते, म्हणजे आईच्या जिवाला घोर नको.

पणजीत आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात पेंटिंग किंवा अप्लाइड आर्ट घेऊन चार वर्षांचा बी.एफ.ए. करता येतो. प्रवेशाला कलाचाचणी असते. तिची तयारी म्हणजे समोरची वस्तू कागदावर नीट बसवणं आणि रंगाची जाण. 'स्टाइल दाखव' असं सतरा वर्षांच्या मुलीला कुणी म्हणत नाही. यंदाच्या तारखा कॉलेजातच विचार, व्हॉट्सॲपवर विसंबू नकोस.

आता तू पाठवलेली तीन चित्रं. ती टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि चहा गार होईपर्यंत बघत बसले. ॲनिमेतली मुलगी खिडकीबाहेर बघतेय. मारिओ वळणाच्या तावेर्नात (गोव्यातला बार) सगळ्यांचा दंगा चाललाय, पण मधोमध बसलेला म्हातारा भिंतीकडे तोंड करून. वॉटरकलरमधला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून निघून चाललाय. तिघंही पाठमोरे! पोदेराच्या शर्टावरचा घामाचा डाग तू इतका जीव लावून रंगवलायस, की पुढचं चाक वाकडं झालंय हे मला फार उशिरा दिसलं. हात तिन्ही वेळा उसना होता, नजर मात्र तुझीच. हे तुला कुणी शिकवलं?

मारिओंकडे चित्रकलेची पदवी नव्हती. पोरगा भिंती रंगवतो म्हणून आईने वही आणून दिली, पुढे डायऱ्याच चित्रांनी भरल्या. चित्रकार वासुदेव गायतोंडे, मूळचे गोव्याचेच. 1948 साली मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून डिप्लोमा घेतल्यावरही काही वर्षं ते माणसांच्या आकृत्या रंगवत होते. ज्या निराकार, शांत कॅनव्हासमुळे आपण त्यांना ओळखतो ते नंतरचे. तेव्हा नक्कल करायला लाजू नकोस, फक्त कुणाची ते खाली लिही. (मारिओंची नक्कल गोव्यात कितीतरी भिंतींवर आहे. तुझी निदान वहीत आहे.)

राहिलं टेन्शन. ते मला बघणाऱ्यांचं वाटतं. रंग सुकायच्या आत चित्र पोस्ट होतंय, मग मजा कधी येणार? महिनाभर फोन बाजूला. साधी वही, बॉलपेन घे, खोडरबर घरी ठेव. शुक्रवारच्या बाजारात मयड्याची केळी विकणाऱ्या एखाद्या बाईला विचारून शेजारी अर्धा तास बस आणि जे दिसेल ते काढ. बिघडलेली पानं फाडायची नाहीत.

एक चित्र मात्र समोरून काढ, चेहऱ्यासकट. मग वही घेऊन ये. तू चेहरा टाळतेस की तुला पाठच आवडते, ते मला तेव्हा सांग.