प्राण्यांच्या शरीराची रचना हा देव असल्याचा पुरावा मानता येईल का?

तुमचं म्हणणं असं की गाईची चार पोटं, सुतारपक्ष्याची जीभ हे सगळं इतकं चपखल आहे, मग ते कुणी घडवलंच नाही असं म्हणवतं तरी कसं? मी गुरांचा डॉक्टर. पुण्यात मांजरी, लोणी काळभोर भागातले गोठे करतो. त्यामुळे सुतारपक्षी राहू दे, गाईचंच बोलतो.

वासरू आचळाला लुचायला लागलं की अन्ननळीच्या टोकाशी असलेल्या खाचेच्या कडा आपोआप जुळतात, नळी तयार होते आणि दूध पहिली पोटं टाळून चौथ्याकडे जातं. तेच कोटीपोटात, म्हणजे पहिल्या पोटात, पडलं तर आंबतं. कॉलेजात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मीही मनात हात जोडले होते, खोटं कशाला बोलू.

पण गाईला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. जिभेने ओढायचं, गिळायचं, रवंथ नंतर. वैरणीतून तारेचा तुकडा गेला की तिला पत्ता लागत नाही. जड वस्तू जाऊन बसते जाळीपोटात, म्हणजे दुसऱ्या पोटात. आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखं दिसतं ते, फार देखणं. त्याच्यापुढे एक पातळ पडदा आणि पडद्यापलीकडे हृदय! डावी भकाळी उघडून खांद्यापर्यंत हात आत घालून तार चाचपताना हृदयाचे ठोके बोटांना लागतात. तार तिथवर पोचून हृदयाभोवती पू झाला, की बहुतेक वेळा गाय हातची जाते.

एका गोठेवाल्या मामांनी मला गप्प केलं होतं, "डॉक्टर, तार देवानं नाय टाकली, आपण टाकली." मुद्दा बिनतोड.

म्हणून तार सोडा, नस घ्या. रक्ताची नव्हे, मेंदूचे संदेश नेणारी. कंठाला जाणारी एक नस मेंदूकडून निघते, कंठाजवळून खाली छातीत उतरते, डाव्या बाजूची हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर कंठाशी येते. आपल्यातही तेच. जिराफात हा फेरा चार मीटरच्या वर भरतो, सरळ गेली असती तर वीतभरात काम होतं. माशासारख्या पूर्वजांना मान नव्हती, हृदय कल्ल्यांपाशी होतं, तेव्हा तो रस्ता जवळचाच होता. पुढे मान वाढली, हृदय खाली सरकलं आणि धमनीमागे अडकलेली नस ताणत गेली. १८०२ मध्ये विल्यम पेली या इंग्रज धर्मगुरूने घड्याळावरून घड्याळजी ओळखायचा, तसाच प्राण्यांवरून देव, असा युक्तिवाद मांडला. पण अशी वायर ओढणाऱ्या वायरमनला आपण पैसे दिले असते का?

आमच्या घरी रोज पूजा होते, मीच करतो. या नसेमुळे तिच्यात काही अडत नाही. फक्त पुरावा म्हणून गाय उभी करू नका, उलटतपासणीत ती तुमच्याविरुद्ध बोलेल.

आणि दारात गाय असेल तर डॉक्टरांकडून तिला चुंबक गिळवून घ्या. जड असल्याने तेही जाळीपोटातच बसतं आणि तारा धरून ठेवतं.