निर्णयप्रक्रियेवर संशोधन करायचे आहे; परदेशात अर्ज कोणत्या विभागात करावा?

तुमच्या प्रश्नाचा आशय मी असा समजलो: तुम्ही नागपूर विद्यापीठातून सांख्यिकीत एम.एस्सी. केले, सध्या एका बँकेत कर्जाच्या जोखमीचे हिशेब करता आणि माणसे निर्णय कसे घेतात या विषयावर परदेशात पीएचडी करण्याची तुमची इच्छा आहे. मात्र हाच विषय कुठे मानसशास्त्रात, कुठे अर्थशास्त्रात, कुठे मेंदूविज्ञानात, तर कुठे वाहतूक अभियांत्रिकीत सापडत असल्याने अर्ज नेमका कुठे करावा, देश कोणता निवडावा आणि पुढेमागे नागपूरला परतायचे झाल्यास ती पदवी कामाला येईल का, हे तुम्हाला ठरवता येत नाही. मी नागपूरच्या प्रतापनगरात वाढलो, बऱ्याच वर्षांपासून नेदरलँड्समध्ये राहतो आणि प्रवासी आपले वाहन कसे निवडतात याची गणिती प्रारूपे तयार करणाऱ्या गटात काम करतो. माझे मत थोडे त्या बाजूला झुकलेले असणार, हे धरून पुढचे वाचावे.

विभागाच्या नावावरून निवड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या विभागात पुरावा कशाला म्हणतात, हे पाहून निवड करावी. निर्णयाचा अभ्यास करणाऱ्या विद्याशाखांचे प्रश्न बहुधा सारखेच असतात. उत्तर कोणत्या स्वरूपात आले म्हणजे ते मान्य करायचे, यावर मात्र त्यांचे एकमत नाही, आणि पुढची चार-पाच वर्षे तुम्ही रोज काय काम करणार हे त्यावरच ठरते.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. वर्धा किंवा यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू कापूस पिकवणारा शेतकरी मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रात जातो आणि मांडून ठेवलेल्या अनेक वाणांमधून दोन-तीन पाकिटे उचलतो. पाऊस कसा पडेल हे त्याला माहीत नाही, २०१७ सालची गुलाबी बोंडअळी तो विसरलेला नाही, दुबार पेरणीची धास्ती आहे, खिशात उसने आणलेले पैसे आहेत आणि शेजाऱ्याने कोणते वाण नेले हे त्याने घरून निघण्यापूर्वीच विचारून घेतले आहे.

अर्थशास्त्रज्ञाला या शेतकऱ्याच्या मनात काय चालले होते याच्याशी पूर्वापार फारसे कर्तव्य नसते. किंमत, उत्पन्न आणि उपलब्ध पर्याय बदलले की निवड कशी बदलते, हे त्याला मोजायचे असते. या विचाराचे एक मूळ डॅनिएल बर्नुली यांच्या १७३८ च्या निबंधात आहे. तेवढ्याच रकमेचे मोल गरिबाला आणि श्रीमंताला सारखे नसते, म्हणून जोखमीचा हिशेब रकमेत न करता उपयोगितेत, म्हणजे त्या रकमेतून मिळणाऱ्या समाधानात, करावा, असे त्यांनी मांडले. १९४४ मध्ये जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी या कल्पनेला गृहीतकांचा पक्का पाया दिला, आणि १९५३ मध्ये फ्रान्सच्या मॉरिस अ‍ॅले यांनी लॉटरीच्या साध्या उदाहरणांतून दाखवले की विचारी माणसेही ती गृहीतके मोडतात. आजच्या अर्थशास्त्र विभागात यातला सिद्धान्त शिकावाच लागतो, पण प्रबंध बहुतेकदा प्रत्यक्ष आकडेवारीवर किंवा गावोगावच्या प्रयोगांवर उभा राहतो. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी पश्चिम केनियात केलेला प्रयोग पाहावा: हंगाम निघाल्यावर, हातात पैसा असताना, खत घरपोच देण्याची छोटी मुदतबंद सवलत दिली तर खताचा वापर वाढतो, हे त्यांनी २०११ मध्ये दाखवले. आपल्या कृषी केंद्रातल्या शेतकऱ्यालाही हा प्रयोग लागू करून पाहण्यासारखा आहे, आणि माझ्या माहितीतले काही विद्यार्थी अशाच कल्पनेवरून प्रवेश मिळवून गेले आहेत.

मानसशास्त्रज्ञ त्याच दुकानात वेगळ्या जागी उभा राहतो. पर्याय कोणत्या शब्दांत मांडला, पाकिटे कोणत्या क्रमाने पाहिली, उत्तर द्यायला किती वेळ लागला, यांत त्याला रस असतो. अमोस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानमन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रश्न तुम्ही वाचला असेलच: ६०० जणांच्या जिवावर बेतलेल्या साथीत ‘२०० जण नक्की वाचतील’ असा पर्याय एका जोखमीच्या पर्यायासमोर दिला तेव्हा ७२ टक्के लोकांनी तो घेतला, आणि तोच पर्याय ‘४०० जण मरतील’ अशा शब्दांत दिला तेव्हा केवळ २२ टक्क्यांनी. नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख जड जाते, हे याच जोडीने १९७९ मध्ये सूत्ररूपाने मांडले होते, आणि तेही अर्थशास्त्राच्या नियतकालिकात. विभागांच्या भिंती किती पातळ असू शकतात ते यावरून दिसेल. दुसरीकडे बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतील गेर्ड गिगेरेन्झर यांनी आयुष्यभर उलट बाजू लढवली: साधे ठोकताळे म्हणजे बुद्धीची चूक नव्हे, माहिती अपुरी आणि परिस्थिती अनिश्चित असताना ते गुंतागुंतीच्या गणितापेक्षा अनेकदा सरस ठरतात. शेजाऱ्याचे वाण उचलणारा शेतकरी चुकतो आहे की शहाणपणाने वागतो आहे, याचे उत्तर तुम्ही यांपैकी कोणत्या गटात शिकता त्यावर बरेच अवलंबून राहील. अर्ज करण्यापूर्वी स्वतःचा कल कोणत्या बाजूला आहे ते तपासून पाहा.

या दोन शाखांतला एक व्यावहारिक फरक नवख्यांना कोणी सांगत नाही. अर्थशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहभागी व्यक्तीला तिच्या निवडीप्रमाणे खरे पैसे द्यावे लागतात आणि तिला फसवणे सर्वस्वी निषिद्ध मानतात. मानसशास्त्रात काल्पनिक प्रश्न चालतात, आणि नंतर सत्य सांगण्याच्या अटीवर थोडी दिशाभूलही चालते. म्हणून मानसशास्त्र विभागात केलेला उत्तम प्रयोग अर्थशास्त्राच्या नियतकालिकाकडून पैसे दिले नाहीत एवढ्याच कारणाने परत येऊ शकतो. शिवाय २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले तेव्हा सुमारे ३६ टक्क्यांतच सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोग म्हणता येऊ नये असे) निष्कर्ष पुन्हा हाती आले; पुढच्या वर्षी प्रायोगिक अर्थशास्त्रातील १८ अभ्यासांपैकी ११ टिकले. त्या धक्क्यानंतर मानसशास्त्राने स्वतःला बरेच सुधारले आहे: नमुने मोठे झाले, प्रयोगाचा आराखडा आधीच नोंदवून ठेवण्याची प्रथा रुजली. तुमच्यासारख्या सांख्यिकीच्या माणसाला तिथे आज जो मान आहे, तो वीस वर्षांपूर्वी मिळाला नसता.

मेंदूविज्ञानाचे आकर्षण मोठे असते, म्हणून त्याबद्दल जरा सावधपणे लिहितो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली, आणि १९९७ मध्ये पीटर डायन व रीड माँटेग्यू यांच्यासह असे मांडले की या पेशी बक्षिसाला नव्हे, तर अपेक्षा आणि प्रत्यक्ष बक्षीस यांतल्या फरकाला प्रतिसाद देतात. हा फरक म्हणजे संगणकशास्त्रात रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी यंत्रांना शिकवण्यासाठी घडवलेल्या पद्धतीतली राशीच होती. दोन शाखा एकमेकींना इतक्या नेमकेपणाने भेटल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि गणिताची आवड असलेल्याने हा प्रांत जरूर पाहावा. मात्र निव्वळ मेंदूच्या रंगीत चित्रांच्या मोहाने जाऊ नका. २००९ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’ आणि एकाच वेळी हजारो चाचण्या केल्याची (त्यांतल्या काही निव्वळ योगायोगाने खऱ्या वाटतात) दुरुस्ती न करता आकडे पाहिले, तेव्हा माशाच्या मेंदूत हालचाल दिसली. मुलाखतीत गटप्रमुखाला अशा दुरुस्तीबद्दल विचारून पाहा. उत्तर टाळले गेले, तर तो गट तुमच्यासाठी नाही.

मानववंशशास्त्राकडे सांख्यिकीचे विद्यार्थी ढुंकूनही पाहत नाहीत, पण आपल्या शेतकऱ्याबद्दल सगळ्यांत जवळचे काम तिथेच झाले आहे. ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी वारंगळ जिल्ह्यातील गावांत अनेक हंगाम काढले आणि २००७ मध्ये लिहिले की बियाणे निवडताना शेतकरी स्वतःच्या शेतातला अनुभव पाहण्याऐवजी त्या वर्षी गावात ज्याची लाट आहे ते वाण घेत होते, आणि पुढच्या वर्षी लाट दुसरीकडे वळत होती. प्रश्नावली एकदा भरून घेऊन हे दिसले नसते. तुम्ही ही शाखा निवडणार नाही हे मी धरून चालतो, तरी प्रबंधाच्या आधी असे काम वाचलेले असावे.

आता माझ्या शाखेविषयी. अर्थशास्त्रज्ञ डॅनिएल मॅकफॅडन यांनी १९७० च्या दशकात, सॅन फ्रान्सिस्को परिसरात बार्ट ही नवी रेल्वे सुरू होण्यापूर्वी, लोक कामावर कसे जातात याची माहिती गोळा करून प्रत्येक पर्यायाच्या वेळ-खर्चावरून निवडीची संभाव्यता काढली. अधिकृत अंदाज १५ टक्के प्रवाशांचा होता, मॅकफॅडन यांचा ६.३ टक्क्यांचा, आणि प्रत्यक्षात ६.२ टक्के लोक रेल्वेने गेले. त्यांच्या २००० सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेलमागे हेच काम होते. २०१९ मध्ये नागपूर मेट्रो सुरू झाली तेव्हा वर्धा रोडवरून बर्डीला (सीताबर्डीला) स्कूटरने येणारा माणूस मेट्रोत बसेल का, हा प्रश्न याच साच्यातला आहे. स्टेशनपर्यंतचे चालणे, मे महिन्यातले ऊन, पार्किंग, घरात आधीच उभी असलेली दुचाकी, हे सगळे त्या समीकरणात बसते. नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट, इंग्लंडमध्ये लीड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे या विषयाचे जाणते गट आहेत. तुम्ही बँकेत कर्ज बुडेल की नाही यासाठी जे लॉजिस्टिक प्रारूप (हो की नाही याची संभाव्यता काढणारे सूत्र) वापरता, त्याचेच हे विस्तारित रूप आहे, त्यामुळे हात बसायला तुम्हाला वेळ लागणार नाही.

तुमची पार्श्वभूमी पाहता माझा क्रम असा राहील: प्रथम वाहतूक किंवा आरोग्य क्षेत्रातील निवड-प्रारूपे, त्यानंतर गणिती मानसशास्त्र (मनाच्या व्यवहारांची गणिती प्रारूपे मांडणारी मानसशास्त्राची शाखा), आणि त्यानंतर अर्थशास्त्र. अर्थशास्त्र खाली ठेवण्याचे कारण विषयाचे मोल कमी हे नाही. तिथे पहिल्या दोन वर्षांच्या सैद्धान्तिक अभ्यासक्रमाला शुद्ध गणितातील वास्तव विश्लेषण (रिअल अ‍ॅनालिसिस) लागते, आणि त्यात तुमचे गुण कसे आहेत ते तुम्ही लिहिलेले नाही. ते चांगले असतील तर क्रम बदला. एकाच शाखेत स्वतःला कोंडून घ्यावे लागेल अशी भीती मात्र बाळगू नका: निर्णयप्रक्रियेचे अभ्यासक हर्बर्ट सायमन यांची पीएचडी राज्यशास्त्रातली होती, १९७५ मध्ये त्यांना संगणकशास्त्राचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल. ते जिथे शिकवत त्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सामाजिक व निर्णयविज्ञानांचा स्वतंत्र विभाग आजही आहे.

देशाचा प्रश्न मी मुद्दाम नंतर घेतला, कारण तो विभागावरून बराचसा सुटतो. नेदरलँड्समध्ये पीएचडी ही साधारण चार वर्षांची पगारी नोकरी असते. जागेची जाहिरात येते, विषय बराचसा आधीच ठरलेला असतो आणि अर्ज वर्षभर चालतात. ठरलेला प्रकल्प आवडला तर यासारखी सोय नाही. स्वतःचाच प्रश्न घेऊन जायचे असेल तर हात बांधल्यासारखे वाटतील. जर्मनीतही पगारी करार मिळतात, पण पुष्कळदा ते पूर्ण वेळेच्या पगाराचे नसतात. तिथे विद्यार्थी व्हिसावर आधी मास्टर्स करायचे ठरवलेत, तर भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) आणि गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हा २०२४ चा आकडा आहे. तुमच्याकडे एम.एस्सी. असताना केवळ देश बदलण्यासाठी दुसरे मास्टर्स करण्याची गरज मला दिसत नाही. अमेरिकेत पाच-सहा वर्षे लागतात, सुरुवातीला वर्ग आणि पात्रता परीक्षा असतात, अर्ज साधारण डिसेंबरात जातात. मार्गदर्शक मागाहून बदलता येतो, हा तिथला मोठा फायदा. इंग्लंडचा अभ्यासक्रम छोटा आहे, पण परदेशी विद्यार्थ्याला पूर्ण शिष्यवृत्ती मिळणे अवघड जाते. ती हाती आल्याशिवाय घरच्यांना कर्ज काढायला लावू नये.

नागपूरला परतण्याचा विचार पक्का असेल, तर मात्र विभागाच्या नावावरून निवड करू नये, असे सुरुवातीला जे म्हटले त्याला मुरड घालावी लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असलेल्या विदेशी विद्यापीठाची पीएचडी सहायक प्राध्यापकपदासाठी ग्राह्य धरली आहे. हे नियम तुम्ही अर्ज कराल त्या वर्षी तसेच आहेत का ते पाहून घ्या. खरी अडचण विषयाच्या नावाची असते. आपल्याकडे जागा सांख्यिकी, अर्थशास्त्र, मानसशास्त्र अशा नावांनी निघतात, आणि ‘निर्णयविज्ञान’ असे छापलेली पदवी संबंधित विषयाची आहे हे छाननी समितीला पटवत बसावे लागते. व्यवस्थापन संस्था याबाबतीत अधिक मोकळ्या असतात, आणि २०१५ पासून नागपुरात आयआयएम आहे. तरी एका संस्थेच्या भरवशावर पाच वर्षांचे नियोजन करू नये. म्हणून प्रवेश स्वीकारण्यापूर्वी विद्यापीठाच्या कार्यालयाला ईमेल करून पदवीपत्रावर विषयाचे नाव नेमके काय छापले जाईल ते लेखी विचारून घ्या, आणि दोन नावांपैकी एक निवडण्याची मुभा असेल तर सांख्यिकी किंवा अर्थशास्त्र ज्यात येते ते नाव घ्या.