आरती सुरू झाली की नातू किंचाळतो

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या नातवाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे डॉक्टरांनी नुकतेच सांगितले. तो नजरेला नजर देत नाही, विचारलेला प्रश्नच परत म्हणतो आणि गणपतीच्या आरतीत झांजा वाजू लागल्या की कान दाबून किंचाळतो. नातेवाईक म्हणतात, सुनेने नोकरीपायी मूल मोबाइलवर सोडले, त्याचे हे फळ. आम्ही काय करावे?
– एक आजी, सातारा

उत्तर : ताई, सुनेला लावलेला बोल आधी थांबवा. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतली बाब आहे. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि तिची सुरुवात बहुतांशी जन्माआधीच झालेली असते. गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, असे मोठमोठे तज्ज्ञ सांगत, आणि ते खोटे ठरेपर्यंत असंख्य आया स्वतःला दोष देत जगल्या. मोबाइल कमी करावा हे खरे, पण स्वमग्नतेचे मूळ त्यात नाही. उद्या कोणी लशीवर खापर फोडील. लशीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा १९९८ सालचा लेख तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला आहे.

आता आरतीविषयी. झांजा, टाळ्या, कापराचा वास, हलती ज्योत आणि खोलीभर माणसे यांतले नको ते आपला मेंदू आपसूक मागे सारतो. तुमच्या नातवावर मात्र ते सारे बहुधा एकाच वेळी, सारख्याच जोराने येऊन आदळत असावे. त्या किंचाळण्याला हट्ट समजून रागावलात, तर त्या गलबल्यात आणखी एका आवाजाची भर पडेल. त्याऐवजी आरती कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे त्याला आधी चित्रे दाखवून सांगा, झांजा काही दिवस बाजूला ठेवा, आणि त्याला आतल्या खोलीत जावेसे वाटले तर जाऊ द्या. देवाचा त्यात काही अपमान होत नाही.

‘माझ्याकडे बघ’ हा आग्रहही सोडा, कारण यातली कित्येक मुले दुसरीकडे पाहत असतानाच अधिक नीट ऐकतात. ‘पाणी हवं का?’ असे विचारल्यावर तो ‘पाणी हवं का’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला पाणी हवेच असते. अशा वेळी त्याच्या वतीने ‘मला पाणी हवं’ असे म्हणा आणि लगेच पेला हातात द्या. हे दिवसातून अनेकदा करावे लागेल.

औषधाने पूर्ण बरा करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. तो पैसा वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे जमावीत म्हणून दिला जाणारा उपचार) यांना लागेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो आणि त्यात थेरपीही येते.

थेरपीच्या एखाद्या खेपेला सुनेबरोबर तुम्हीही जा. तिथे काय करून घेतात ते नीट पाहून घ्या, कारण घरी रोज तेच करून घ्यायचे आहे आणि ते एकट्या सुनेवर पडता कामा नये.