‘काळ हा भ्रम’ म्हणण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. आइन्स्टाइनच जर काळाला भ्रम म्हणतात, तर अभ्यास, धडपड, पश्चात्ताप या सगळ्याला अर्थ काय, असं तू विचारलं आहेस. प्रश्न मनापासून आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते वाक्य कुठलं, ते आधी बघ. मार्च 1955 मध्ये मिशेल बेसो हे आइन्स्टाइनचे तरुणपणापासूनचे मित्र वारले. त्यांच्या घरच्यांना पाठवलेल्या सांत्वनपत्रात ते आहे. पुढच्याच महिन्यात आइन्स्टाइनही गेले. त्यांनी भ्रम म्हटलं ते भूत, वर्तमान आणि भविष्य यांतल्या भेदाला. काळच नाही, असं ते म्हणत नाहीत.

एवढ्या फरकाने सगळं बदलतं. 1905च्या सापेक्षता सिद्धांतानुसार, एकमेकींपासून दूर घडलेल्या दोन घटना एकाच वेळी झाल्या का, याचं उत्तर पाहणाऱ्याच्या गतीप्रमाणे वेगळं येऊ शकतं. मग अख्ख्या विश्वाला लागू पडेल असं एकच ‘आत्ता’ उरत नाही. पण कारण आधी आणि परिणाम नंतर, हा क्रम कोणत्याही निरीक्षकासाठी उलटत नाही. तू आज केलेल्या अभ्यासाने उद्या काही घडणार असेल, तर ते या क्रमाच्या आधारावर. त्याला सापेक्षतेने धक्का लावलेला नाही.

काळच मिथ्या, असं खरोखर म्हणणारा माणूस वेगळा. केंब्रिजचा तत्त्वज्ञ मॅकटॅगार्ट याने 1908 मध्ये तसा युक्तिवाद मांडला. बदलाशिवाय काळ नाही, भविष्याचं वर्तमान आणि वर्तमानाचं भूत झाल्याशिवाय बदल नाही, आणि भूत, वर्तमान, भविष्य ही विशेषणं तर एकाच घटनेला लागतात आणि एकमेकांना छेद देतात, असा त्याचा रोख होता. मला त्याचा निष्कर्ष पटत नाही, पण पहिली पायरी अजून हलवता आलेली नाही. नुसत्या आधी-नंतरच्या क्रमात ‘घडणं’ कुठे असतं?

‘आपल्याकडे हे सगळं आधीच सांगून ठेवलंय’ असं म्हणणारे तुला भेटतील. त्यांना विचार, कोणी सांगितलं? वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या मते काळ हे स्वतंत्र द्रव्य आहे; आधी-नंतर, एकाच वेळी, उशिरा, लवकर या प्रत्ययांवरून त्याचं अनुमान होतं. योगसूत्रांवरचं व्यासभाष्य म्हणतं, क्षण तेवढा खरा; दोन क्षण कधी एकत्र नसतात, म्हणून मुहूर्त, दिवस, रात्र ही बुद्धीची जुळवणी. आपल्या परंपरेतला हा मोठा वाद आहे. त्याची घोषणा करून टाकणं मला त्या विचारवंतांचा अपमान वाटतो.

आणखी एक गल्लत टाळ. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईत पुढे कित्येक वर्षं 39 मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ चालू होती. म्हणून काळ माणसाने बनवला, असं कुणी म्हणालं तर मान्य करू नकोस. माणसाने ठरवले ते घड्याळाचे आकडे. सूर्य मुंबईच्या माथ्यावर कधी येतो, हे कुठल्याही आदेशाने ठरलं नव्हतं.

तेव्हा काळ नाकारणारं काहीही वाचलंस की समासात लिही: नक्की काय नाकारलंय? सगळ्यांचं एकच ‘आत्ता’, काळाचं वाहणं, आधी-नंतरचा क्रम, की नुसतं मोजमाप? मॅकटॅगार्टचा निबंध याच पद्धतीने वाच, आणि त्याची कोणती पायरी तुला कच्ची वाटते ते मला कळव. माझं मत तेव्हाच सांगेन.

तुझा,
सर