विमानात जीपीएस असताना वेग आणि उंची मोजायला अजूनही हवेच्या दाबाची जुनी पद्धत का वापरतात?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय की मोबाईलवरसुद्धा वेग आणि उंची दिसते, मग अब्जावधींच्या विमानाला नाकाशी ती नळकांडी कशाला, हा निव्वळ जुनाटपणा नाही का. नळकांडी! त्या नळकांड्यांवर माझा संसार झालाय. मी इन्स्ट्रुमेंट शॉपचा, म्हणजे विमानातली मोजमापाची यंत्रं सांभाळणाऱ्या विभागाचा माणूस, आता निवृत्त. इंजिनवाले आम्हाला आयुष्यभर 'घड्याळजी' म्हणत आले, त्यात तुमची भर. असो.

आधी वेग. पंखाला जमिनीशी काही देणंघेणं नसतं. अंगावरून हवा किती जोरात जाते तेवढंच त्याला कळतं. जीपीएस सांगतो तो जमिनीवरचा वेग. ३५,००० फुटांवर मागून १०० नॉटचा (ताशी सुमारे १८५ किमी) वारा असेल तर जीपीएस ५५० नॉट दाखवेल आणि त्याच क्षणी पायलटसमोरचा एअरस्पीड २६५च्या आसपास असेल. वारा वजा केला तरी ४५० उरतात, पण वरची हवा विरळ, म्हणून काट्यापर्यंत जोर तेवढाच पोचतो. पंख तोलून धरणार की हात टेकणार, हे त्या २६५वर ठरतं. ५५० हा आकडा दुबईला किती वाजता पोचू हे सांगायला उत्तम. स्टॉलपासून, म्हणजे पंखाने हात टेकण्यापासून, आपण किती लांब आहोत हे उपग्रहाला कळायचा मार्गच नाही. ते हवेलाच विचारावं लागतं, आणि हवेला विचारायचं भोक म्हणजे पिटो ट्यूब.

आता उंची. अल्टिमीटर खरी उंची दाखवतच नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. तो दाब मोजतो आणि ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे फुटांत सांगतो. वर गेल्यावर सगळी विमानं एकच आकडा लावतात, १०१३ हेक्टोपास्कल, खाली खरा दाब काहीही असो. म्हणजे सगळेच चुकीचे, पण सारखेच चुकीचे. गावातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असली तर कुणाची गाठभेट चुकत नाही, तसं. आपल्याकडे २००३च्या नोव्हेंबरपासून २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात एकावर एक जाणाऱ्या विमानांत फक्त १,००० फुटांचं अंतर ठेवतात, ते याच भरवशावर. त्यात एकाने दाबाची उंची धरली आणि दुसऱ्याने जीपीएसची, तर खेळ खलास. आपल्याकडच्या गरम हवेत त्या उंचीवर दोन्ही आकड्यांत हजाराहून जास्त फुटांचा फरक सहज पडतो. शिवाय जीपीएसची कच्ची उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासूनची असते. कन्याकुमारीच्या दक्षिणेला हिंदी महासागरात या दोन्हींत १०० मीटरहून जास्त तफावत आहे. उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही, त्यामुळे उभ्या दिशेतली चूक आडव्यापेक्षा मोठी. आणि जीपीएसला फसवता येतं. २०२३पासून इराक-इराणकडच्या हवाई मार्गांवर खोटे सिग्नल मिळून विमानांचं दिशादर्शन बिघडल्याच्या घटना झाल्यात. हवेचा दाब जमिनीवरून कुणी खोटा पाठवू शकत नाही.

दाबालाही खोड आहे. विमानतळाजवळ आलं की तिथला खरा दाब लावावा लागतो. पावसाळ्यात मुंबईचा दाब १०००च्या आसपास घसरतो, तेव्हा १०१३ तसाच राहिला तर काटा साडेतीनशे फूट जास्त दाखवेल. २०२२च्या मे महिन्यात पॅरिसला एक ए-३२० उतरत होतं. आयएलएस, म्हणजे धावपट्टीकडून रेडिओने उतरायची वाट दाखवणारी यंत्रणा, बंद, म्हणून उपग्रहावरचा अप्रोच. दिशा उपग्रहाची, उतरण मात्र अल्टिमीटरची. कंट्रोलरने दाब १००१ऐवजी १०११ सांगितला. दहा हेक्टोपास्कल, म्हणजे २८० फूट. पावसात धावपट्टी दिसली नाही म्हणून पायलटने विमान वर घेतलं. तोवर ते जमिनीपासून ६ फुटांवर आलं होतं, आणि धावपट्टी अजून जवळजवळ मैलभर पुढे. क्रूला पत्ताही नव्हता.

हे झालं पुस्तकातलं. माझं दुखणं त्या पिटोच्या भोकाचं आहे. त्याला झाकण घालायचं की नाही, यावर मी आणि आमचे एक शिफ्ट इनचार्ज वर्षानुवर्षं भांडलो. नाव आणि कंपनी सांगत नाही. साहेब हयात आहेत, सकाळी सहाला सुविचार पाठवतात.

विमान रात्रीच्या मुक्कामाला असलं की लाल पट्टी लोंबणारी झाकणं घालायची, यावर वाद नव्हता. वाद दिवसाच्या थांब्याचा. साहेब म्हणायचे, दोन तासांसाठी झाकणं घालाल, घाईत एक काढायचं राहील, आणि मग लिमा होईल. मी म्हणायचो, नाही घातलं तर पोर्तो प्लाता होईल. गंमत बघा, दोन्ही अपघात १९९६चे, दोन्ही बोइंग ७५७.

पोर्तो प्लाता, डॉमिनिकन रिपब्लिक, ६ फेब्रुवारी. विमान कित्येक दिवस उभं होतं, त्यातले शेवटचे काही दिवस पिटोंवर झाकणं नव्हती. कॅप्टनच्या बाजूची पिटो बुजलेली, बहुधा मातीचं घर करणाऱ्या माशीने. धावपट्टीवरच कॅप्टनला कळलं की आपला काटा चालत नाही, तरी तो उडाला. बुजलेली नळी वर गेल्यावर काय करते? आत कोंडलेला दाब तसाच, बाहेरचा कमी होत जातो, मग एअरस्पीडचा काटा अल्टिमीटरसारखा वाढत सुटतो. काटा म्हणतो फार वेगात आहोत, ऑटोपायलट नाक वर करतो, आणि खरा वेग मरतो. कोपायलटचा काटा बरोबर होता. १८९ माणसं गेली.

लिमा, पेरू, २ ऑक्टोबर. विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर, म्हणजे बाहेरच्या स्थिर हवेचा दाब घेणाऱ्या अंगावरच्या भोकांवर, चिकटपट्टी लावली, ती काढायचीच राहिली. उंची आणि वेग दोन्ही बिघडले. फार वेग झाल्याचा आणि स्टॉलचा, असे दोन्ही इशारे एकदम वाजत होते. पायलट कंट्रोलरला उंची विचारत राहिले आणि तो सांगत राहिला. पण कंट्रोलरच्या पडद्यावरचा आकडा त्याच विमानाच्या ट्रान्सपॉन्डरने (रडारला उत्तर देणाऱ्या यंत्राने) पाठवलेला, म्हणजे त्याच झाकलेल्या भोकातून आलेला! पडद्यावर ९,७०० फूट होते तेव्हा पंख समुद्राला लागला. ७० माणसं. साहेब हे दरवेळी सांगायचे. मी दरवेळी म्हणायचो, तिथे चिकटपट्टी होती, लाल पट्टीचं झाकण असतं तर आंधळ्यालाही दिसलं असतं.

मग आमच्याकडचा तो ऑक्टोबर. किनाऱ्यालगतचं विमानतळ, डोक्यावर ऑक्टोबर हीट, कडेला पावसाची माती अजून ओली. सकाळी आलेलं विमान पुढच्या क्रूची वाट बघत ऊन खात उभं. कुंभारीण माशीला याहून चांगला मुहूर्त नाही. मी झाकणं घेऊन निघालो तर साहेबांनी परत पाठवलं, 'अहो, दोन तासांत सुटायचंय.' सुटेपर्यंत दुपार कलली.

टेकऑफच्या धावेत ८० नॉटला दोघे पायलट आपापले आकडे ताडून बघतात. कोपायलटने 'एटी' म्हटलं तेव्हा कॅप्टनचा आकडा चाळिशीतच रेंगाळत होता. कॅप्टनने टेकऑफ सोडला आणि विमान परत आणलं. शहाणा माणूस.

साहेबांनी लॉगबुकातला स्नॅग, म्हणजे पायलटने नोंदलेला बिघाड, वाचला आणि जागेवर निदान केलं: एअर डेटा कम्प्युटर (दाबावरून वेग-उंची काढणारा डबा) गेला, स्टोअरमधून दुसरा आणा, बदला, 'ग्राउंड चेक सॅटिसफॅक्टरी' लिहा, सोडा. मी म्हटलं, साहेब, कम्प्युटर नळीतून येईल ते खातो, आधी नळी बघू. त्यावर त्यांनी एका पोराला कॉम्प्रेस्ड एअरचा पाइप आणायला पिटाळलं. 'बाहेरून एक फुंकर मार रे, काय असेल ते जाईल.'

इथे माझं डोकं सटकलं. ८० नॉटला पिटोमध्ये जो जास्तीचा दाब तयार होतो तो जेमतेम १० हेक्टोपास्कल, समुद्रसपाटीच्या हवेच्या शंभराव्या भागाइतका. तेवढाच दाब ओळखायला पलीकडे नाजूक सेन्सर बसवलेला असतो. कॉम्प्रेसरच्या पाइपात त्याच्या शेकडो पट दाब. सेन्सर जागच्या जागी खलास, आणि घाण बाहेर यायच्या ऐवजी आणखी आत. मी पाइप हातात धरला आणि म्हटलं, फुंकायचं असेल तर लेखी द्या. लेखी कोण देतो!

मग रीतसर केलं. कम्प्युटरकडून नळी सोडवली, आतून बाहेरच्या दिशेने हळूहळू कोरडा नायट्रोजन सोडला, समोर पांढरं फडकं धरलं. फडक्यावर मातीचे खडे पडले, भाजून टणक झालेले. साहेब लगेच म्हणाले, ही जुनी माती, मागच्या स्टेशनची, आपला संबंध नाही. अहो, टॅक्सी करताना पिटो हीटर चालू असतो. हाताला फोड आणणारी नळी ती, तिच्यात चिमूटभर ओली माती भाजून निघायला कितीसा वेळ लागतो? आणि माती जुनी होती तर सकाळी उतरताना दोन्ही बाजूंचे आकडे जुळले कसे? लॉगबुक कोरं होतं. याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

मिळाला तो डिले. नळी सोडली की लीक चेक करावाच लागतो, टेस्टर लावून, दाब धरून, काटा किती उतरतो ते बघत. प्रवासी खाली, साहेबांचा फोन वाजतोय, मी टेस्टरपाशी. शेवटी विमान गेलं, आणि उशीर लागला इन्स्ट्रुमेंटच्या नावावर. कारण: 'लीक चेक'. माशीचा उल्लेख कुठेच नाही, झाकणांचा तर नाहीच.

२०१८च्या जुलैमध्ये साहेबांचा व्हॉट्सॲप आला. ब्रिस्बेनहून मलेशिया एअरलाइन्सचं ए-३३० तिन्ही पिटोंवर झाकणं तशीच ठेवून रात्री उडालं होतं. तिथे माश्यांचा त्रास, म्हणून थांब्यात झाकणं घातलेली, निघताना कुणी काढली नाहीत. खाली साहेबांचा मजकूर: 'आंधळ्यालाही दिसतं म्हणाला होतात.' मी २०१३चं ब्रिस्बेन पाठवलं. एतिहादचं ए-३३०, थांबा साधारण दोन तासांचा, झाकणं नाहीत, कॅप्टनची पिटो मातीने बुजलेली, मेडे (संकटाची हाक) देऊन परत. 'दोन तास' या शब्दांखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. साहेबांनी अंगठा पाठवला. तो कसला अंगठा होता देव जाणे.

त्या २०१८च्या विमानात तुमच्या जीपीएसचा खरा उपयोग झाला, हेही सांगायला हवं. क्रूने एअर डेटाची तिन्ही यंत्रं बंद केली. मग एअरबसच्या पडद्यावर अल्टिमीटरच्या जागी जीपीएसची उंची येते, आणि वेगाच्या जागी एक रंगीत पट्टी, ती विमानाच्या अंगावरच्या कोन मोजणाऱ्या पात्यांवरून बनते. त्यावर ते सुखरूप उतरले. म्हणजे जीपीएस राखीव खेळाडू म्हणून उत्तम. वेगासाठी मात्र तिथेही शेवटी हवेलाच विचारलं.

आता, मी काम केलं ती विमानं जुनी. नव्यांत नळ्या खूपच कमी, सेन्सर भोकापाशीच बसवतात आणि पुढे वायरने आकडे जातात. तिथे माझं नायट्रोजनचं पुराण लागू नाही. झाकणं घालायची की नाही हेही कुणी मनाने ठरवायचं नसतं, ज्या-त्या कंपनीची लेखी पद्धत असते. पण तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी एएमईचा (विमान देखभाल इंजिनियरचा) कोर्स करत असेल तर एवढं ऐका: थांबा लांबतोय असं दिसलं की झाकणं घाला, घातल्याची नोंद लॉगबुकात करा, आणि काढल्याची सही झाल्याशिवाय विमान सोडू नका. विसरण्यावर सही हा इलाज आहे. माशी सही करत नाही. साहेब, तुम्हाला ही लिंक पाठवतोय, या वेळी अंगठा नको.

मोबाईलचं राहिलंच. फोनमध्ये दाबमापक असेल तर ३५,००० फुटांवर तो ६,००० ते ८,००० च्या दरम्यान काहीतरी दाखवेल. तो बिघडलेला नाही, केबिनमध्ये हवा भरून ठेवलेली असते, तिची उंची तो सांगतोय. खिडकीशी धरलात तर जीपीएस बाहेरची उंचीही पकडेल. ती सीटसमोरच्या पडद्याशी जुळली नाही म्हणून एअर होस्टेसला बोलावू नका.